कादंबरीचा अडत्या

साऱ्या वाशीम जिल्ह्यात आमच्या इवायांइतका निर्लोभी, त्यांच्याइतका मायाळू आणि त्यांच्याइतकं दुसऱ्याचं डोकं खाणारा माणूस शोधून सापडणार नाही, हे मी कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. इवाई म्हणजे व्याही. माझी एकुलती एक मुलगी केनवडला त्यांच्या घरी दिली आहे, त्यामुळे मुलीच्या बापानं मान जेवढी खाली घालायची असते तेवढी घालूनच मी हे लिहितो आहे. पण मान खाली असली तरी हसू येतंच, त्याला इलाज नाही. सोयरीक ठरली त्या दिवशी बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघाला, तेव्हा इवायांनी सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं, "आमाले काहीच नको. पोरगी द्या, नारळ द्या, झालं." आमच्याकडची मंडळी सुटकेचा श्वास सोडून मागे टेकली. तेवढ्यात ते म्हणाले, "पन एक हाये." माझ्या थोरल्या भावाला चहाचा ठसका लागला. आता गाडी मागतात की सोनं? इवाई एकाएकी लाजले. एवढा झुपकेदार मिशांचा माणूस, पण पाटावरच्या नवरीसारखा खाली बघायला लागला आणि म्हणाला, "मी कादंबरी लिहून राह्यलो. घरी कोनी आयकत नाई. तुमी आयकसान का?"

मी हो म्हणालो. मुलीच्या बापाला त्या बैठकीत दुसरा शब्द येत नसतो. पण जे मी त्या दिवशी कबूल केलं ते हुंड्यापेक्षा स्वस्त पडलं की महाग, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही.

इवायांचा केनवडला भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, मिरची, मेथी आणि सांबार. परगावच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीशी त्याचा काही संबंध नाही. बाजाराच्या दिवशी पहाटे गावातले सगळे मळेवाले मिळून एक पिकप करतात, तिच्यात प्रत्येकाची क्यारेटं चढतात आणि सगळ्यांचा माल चढल्याशिवाय गाडी हलत नाही, मग कोणाची बायको अजून जुड्या बांधत बसलेली असली तरी चालेल. त्या गाडीत, सांबाराच्या जुड्यांवर, खताच्या धुतलेल्या पिशवीत घालून, इवायांची कादंबरी वाशीमला यायची. अडतीवर माल टाकला की ते पिशवी काखेत मारून थेट आमच्या ओट्यावर हजर. आमची बायको तोवर मुद्दाम आंघोळीला गेलेली असायची. पण इवाई न्हाणीघराच्या दारासमोर खुर्ची ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "इहीनबाई, तुमी करा तुमचं, मी जोरात वाचतो."

त्या कादंबरीचं नाव 'गिरजाबाईचा बाजार'. गिरजाबाई पहिल्या पानावर पिशवी घेऊन बाजाराला निघते. ती अजून पोचलेली नाही. वाटेत तिला जो कोणी भेटतो त्याला ती जेवू घालते, कारण इवायांना एखादं पात्र नुसतं आणून उभं करणं जमतच नाही. दारात आलेल्याला 'बसा' म्हणायचं नाही, पाणी द्यायचं नाही, हे त्यांच्या हातून कागदावरसुद्धा होत नाही. मध्ये एकदा कथानकाला गती यावी म्हणून त्यांनी एक चोर आणला. ओट्यावर ऐकायला जमणारे आम्ही सगळे सरसावून बसलो. गिरजाबाईनं त्याला पिठलं-भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा दिला, आणि चोर तिच्याच घरी सालदार म्हणून, वर्षाच्या बोलीनं, राहिला. "अहो, चोरानं चोरी नाही केली तर गोष्ट पुढं कशी जाईल?" असं आमच्यातल्या एकानं विचारलं, तर इवाई त्याच्यावरच चिडले. "पुढं कायले जाते ते? आताच जेवला ना तो! झोपू द्या त्याले घडीभर."

वाचायला त्यांना जागा-वेळ लागत नसे. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना नवं प्रकरण आठवलं आणि त्यांनी ते तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. न्हावी भल्या मनाचा, तो वस्तरा खाली ठेवून ऐकत बसला. प्रकरण संपलं, इवाई उठले आणि एका गालाला दाढी, एका गालाला साबण अशा थाटात आमच्याकडे आले. संध्याकाळच्या गाडीनं परत जाईपर्यंत त्यांच्या ते लक्षात आलं नाही, आणि आमच्यापैकी कोणाचीही सांगायची छाती झाली नाही. इवाई पडले ना! मुलगी तर फोनवर बोलायला लागली की आम्हाला आधी घाम फुटतो. "बाबा, मामाजी सकाळपासून जेवले नाईत," असं तिनं एकदा सासऱ्यांविषयी सांगितलं. मी घाबरून विचारलं, काय झालं? तर म्हणते, "गिरजाबाईले ताप आला."

आता खरं सांगतो, कादंबरी मीही लिहीत होतो. जन्मभर कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलो, माझा आवाज त्या टेबलाच्या पलीकडे कधी गेला नाही. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मी खुनाची रहस्यकथा लिहायला घेतली आणि ती इतकी गुंतागुंतीची केली की खून कोणी केला हे आता मलाही आठवत नाही. आमच्या शेजारी सुजाताताई राहतात, दवाखान्यात नर्स आहेत. ड्युटीवरून आल्यावर त्या एका वॉर्डाची कादंबरी लिहितात. आणि कोर्टाबाहेर टायपिंग करणारे वानखडे आहेत. दिवसभर इतरांची प्रतिज्ञापत्रं टाइप करून करून त्यांच्या कादंबरीतली नायिकासुद्धा प्रियकराला "सबब विनंती की" असं म्हणते. इवायांनी या सगळ्यांना हुडकून काढलं आणि आमच्या ओट्यावर आणून बसवलं. बाजाराच्या दिवशी सकाळी आमची बैठक भरायची. कोणाचं लिहिणं अडलं की बाकीचे धक्का द्यायला. सुजाताताई रात्रपाळीला रडकुंडीला आल्या की इवाई त्यांच्या घरी वांगी पाठवायचे. "भरीत खा, मंग लिहा," हा त्यांचा सगळ्या वाङ्मयीन प्रश्नांवरचा एकच तोडगा.

एका बैठकीला सुजाताताई मोबाइलवर काहीतरी वाचून आल्या. विलायतेत म्हणे लेखक प्रकाशकाकडे स्वतः जातच नाही. लेखकाचा एक एजंट असतो. तो प्रकाशकाशी बोलतो, भाव ठरवतो, त्याचा हिस्सा घेतो. "आपल्यालाही एजंट पाहिजे," असं त्या म्हणाल्या आणि इवायांनी मांडीवर थाप मारली. "अडत्या! मंग सरळ अडत्या म्हना ना बाप्पा! एवढे दिवस सांगतलं काहून नाई?"

त्यानंतरचा महिना वाशीममध्ये जितके म्हणून एजंट होते ते सगळे आमच्या ओट्यावर चहा पिऊन गेले. कारण इवायांनी बाजारात, बसस्टँडवर, जिथं तिथं सांगून ठेवलं होतं, "चार लेखक हायेत, एजंट पाह्यजे." विम्याचे एक एजंट आले आणि त्यांनी गिरजाबाईचं वय विचारलं. वय इवायांनी सांगितलं. तब्येत विचारली, तर इवाई म्हणाले मधे ताप होता, आता बरी हाये. नॉमिनी कोण, असं विचारल्यावर मात्र इवाई गंभीर झाले. तिचं पुढं कोणी नाही हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, आणि पुढच्या प्रकरणात त्यांनी तिला एक भाचा दिला. मग वाहनांचे कागद करून देणारे एक जण आले. ते म्हणाले, कादंबरी कितीही जुनी असू द्या, पासिंग करून देतो.

पण सगळ्यांवर कडी केली ती प्लॉटच्या एजंटनं. पांढरे बूट, गळ्यात साखळी. आल्या आल्या त्यानं विचारलं, "प्लॉट कोनाकडं हाये?" सुजाताताईंना वाटलं, अखेर जाणकार माणूस आला. त्या म्हणाल्या, "चौघांकडे आहे, पण माझा अजून पक्का नाही." "पक्का नाई म्हंजे? वाद हाये?" "हो ना, दोन भावांचा आहे." "बापरे! कोर्टात गेलं का?" "शेवटी जाणार आहे," सुजाताताई म्हणाल्या. एजंट सुस्कारा सोडून वानखड्यांकडे वळला. वानखड्यांनी आपला प्लॉट सरळ आहे म्हणून सांगितलं. "रोडटच?" वानखडे विचारात पडले. "सुरुवात रस्त्यावरच होते." एजंट खूश झाला. "एन.ए. हाये ना?" तर इवाई मधेच म्हणाले, "माया तर सगळा शेतातच हाये भाऊ. अन् त्याच्यात लय लोकं येऊन बसले. जेवून राह्यले." "अतिक्रमण!" असं ओरडून तो माणूस उठला तो पायात एकच बूट घालून गेटापर्यंत गेला. आम्ही चौघं नंतर इतकं हसलो की सुजाताताईंना उचकी लागली आणि आमच्या बायकोनं आतून विचारलं, आता काय मेलं कोणी?

हसून झाल्यावर इवाई मांडी सावरून बसले. "आपुन येडे हो," ते म्हणाले. "अडत्या काहून पाह्यजे? आपला माल आपुन विकाले उभं राह्यलं का भाव पडते. सोताच्या वांग्याले सोता चांगलं म्हननाऱ्याचं कोन आयकते? पोरीचं लगन जुळवतानी बाप बोलते का? मंधातला मानूस बोलते. म्हून आपुन एकमेकाचे अडत्ये होऊ." आणि तिथल्या तिथं नियम ठरला. स्वतःच्या कादंबरीविषयी प्रकाशकापुढे चकार शब्द काढायचा नाही. वानखडे माझे अडत्ये, सुजाताताई वानखड्यांच्या, इवाई सुजाताताईंचे, आणि इवायांचा अडत्या मी. "अन् एक," इवायांनी बोट उगारून बजावलं, "अडतीवर माल टाकला का शेतकऱ्यानं तोंड उघडू नये, मांगं पाहू नये. पाह्यलं का जीव अडकते."

पुढं पुण्याकडच्या एका प्रकाशकानं वाशीमच्या मंगल कार्यालयात पुस्तकांचं प्रदर्शन भरवलं. प्रकाशक स्वतः आलेले. सुजाताताई ड्युटीवर होत्या. वानखडे प्रकाशकासमोर उभे राहिले, "सबब" एवढं म्हणाले आणि त्यांचा घसा बसला. मी खांबाच्या आड गेलो. तेव्हा इवाई पुढं झाले, तिघांच्या तीन थप्प्या टेबलावर आदळल्या आणि मंगल कार्यालयाचं भाजी मार्केट केलं. "पाहा साहेब, नर्सबाईची कादंबरी! वरून नका पाहू, वरचा थर सगळेच चांगला लावतात. मंधातून उचला, कुठूनबी उचला! हे दुसरी, कोर्टातली, एका शब्दाची खाडाखोड नाई. अन् हे आमच्या इवायाची, खुनाची! खून केला कोनं हे खुद लिहिनाऱ्यालेबी मालूम नाई, तर वाचनाऱ्याले कसं समजन?" पुस्तकं बघायला आलेली माणसं भोवती गोळा झाली. एका बाईनं तर भाव विचारला.

प्रकाशकांना हसू आवरेना. त्यांनी तिन्ही थप्प्या ठेवून घेतल्या आणि विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही बोलता असं लिहिता का?"

खताची पिशवी इवायांच्या काखेतच होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना आपण होऊन विचारलं होतं, आणि तो माणूस, ज्यानं न्हाणीघराच्या दारातून प्रकरणं वाचली, तो तोंड मिटून उभा राहिला. नियम म्हणजे नियम. मिशा थरथरत होत्या, कान लाल झाले होते, पण शब्द नाही. शेवटी त्यांनी खांबाकडे बोट केलं. "माया अडत्या थो हाये. त्याले इचारा."

सगळं मंगल कार्यालय माझ्याकडे बघायला लागलं. इवायांनी आमच्यासाठी एवढा घसा फोडला आणि त्यांची गिरजाबाई काखेतल्या काखेत परत केनवडला जाणार, हे मला सोसवेना. मी त्यांच्या काखेतून पिशवी ओढून घेतली, थप्पी डोक्यावर धरली आणि ओरडलो. काय ओरडलो ते मला वानखड्यांनी नंतर सांगितलं. "घ्या साहेब घ्या, गिरजाबाई घ्या! एवढी मोठी कादंबरी, पन हिच्यात एकबी मानूस उपाशी जात नाई! चोरबी जेवून झोपते! तुमच्या पुन्याच्या हज्जार पुस्तकायत दाखवा मले अशी एक बाई!" मग टाळ्या पडल्या. प्रकाशकांनी कागद हातात घेतले, नाकाजवळ नेले आणि म्हणाले, "वास कसला येतोय हो?" इवायांना आता राहवेना. "सांबाराचा," ते हळूच म्हणाले. प्रकाशक हळहळले, "अरेरे, इडली खाताना सांडलं का?"

गिरजाबाई प्रकाशकांकडे ठेवून रिकाम्या पिशवीनिशी आम्ही हॉलच्या बाहेर आलो. मग इवाई म्हणाले, "इवाई, पोरगी देतानीबी तुमी एवढ्या जोरात बोलले नोहते." आणि कार्यालयाच्या फाटकातून बाहेर पडताना, मागं पाहू नये म्हणून सांगणाऱ्या त्या माणसानं वळून मागं पाहिलं.

बऱ्याच दिवसांनी मला प्रकाशकांचा फोन आला. अडत्या म्हणून नंबर माझा दिलेला. 'गिरजाबाईचा बाजार' आम्ही छापतो आहोत, असं ते म्हणाले. बाकी तिन्ही सध्या नको. माझी स्वतःची नको आहे हे माझ्या डोक्यात शिरायच्या आधीच मी हो, हो, छापा म्हणून ओरडलो, आणि फोन ठेवून आत धावलो. "अवं, केनवडले गोड बातमी हाये!" बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. "कितवा महिना?"

पहिल्या गाडीनं केनवडला गेलो. इवाई मळ्यात सांबाराच्या जुड्या बांधत उकिडवे बसले होते. मी सांगितलं. त्यांनी हातातली जुडी बांधली, खाली ठेवली आणि विचारलं, "बाकीच्यायचं?"

"बाकीच्यायचं सध्या नाई म्हनते."

"मंग त्याले सांगा, थांब म्हना."

"म्हंजे?"

"आमच्या गावची पिकप कधी एकट्याचा माल घेऊन गेली का? सगळ्यायचा चढू द्या. मंग जाईन गिरजाबाई. वांगं नासते इवाई, कादंबरी काय नासते?"

मला इतका राग आला म्हणता! इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडावर मी 'हो'शिवाय काही बोललो नव्हतो. त्या दिवशी मात्र बांधावर उभा राहून तडकलो. "तुमी कोन थांबवनारे? अडतीवर माल टाकला का शेतकऱ्यानं तोंड उघडू नये, हे कोनं सांगतलं होतं? मी हो म्हनून बसलो. लिलाव झाला. बसा आता गुपचूप!"

इवाई आ वासून माझ्याकडे बघत राहिले. मग असे हसले, असे हसले की शेजारच्या मळ्यातली माणसं उठून उभी राहिली. हसता हसताच त्यांनी शेल्यानं डोळे पुसले आणि ते पुसणं जरा लांबलंच. मग खाली मातीत काडीनं रेघा ओढत म्हणाले, "कागदं परत नाई देनार का ते?"

"छापून पुस्तक देतीन. पन थे येगळं."

"तिले रोज सकाऊन कोनाले तरी जेवाले घाला लागते. तिकडं कोन पाहीन तिचं?"

मी त्यांच्याजवळ मातीत बसलो. या एका विषयात मी त्यांच्यापेक्षा जुना होतो. "पयले काही दिवस कठीन जाते इवाई," मी म्हणालो. "घरात आपुन हाक मारतो अन् थे घरात नसते. मंग हळूहळू जमते. मले इचारा."

घराच्या बाजूनं माझी मुलगी चहाची कपबशी घेऊन बांधावरून येत होती. लग्नात होती त्याहून चांगली अंगानं भरलेली, पदर खोचलेला. इवायांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या बारीक आवाजात बोलले की तो त्यांचा आवाज आहे हे मला पटेना. "मी तिले कधी उपाशी नाई ठेवलं, इवाई."

ते कोणाविषयी बोलत होते, हे मी विचारलं नाही. "मले मालूम हाये," एवढंच म्हणालो आणि आम्ही दोघांनी चहा घेतला.

पुस्तक अजून यायचं आहे. बाजाराच्या दिवशी इवाई येतात, पण आता ते वाचत नाहीत. नुसते काखेत हात घालून बसतात आणि मधेच उठून फाटकाकडे बघतात. आमची बायको न्हाणीघरातून दोनदा विचारते, "आले का इवाई? मंग बोलत काहून नाईत?" शेवटी एका बाजाराला मला ते बघवेना. मी प्रकाशकांकडून परत आलेली माझी ती खुनाची थप्पी उचलली आणि त्यांच्या रिकाम्या पिशवीत घातली. "घ्या," म्हटलं, "आजपासून तुमीच मायेबी अडत्ये. फिरवा कुठं फिरवाची ते." त्यांनी पिशवी काखेत मारली आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. आता ती दर बाजाराला केनवडहून पिकपमध्ये येते, जुड्यांवर बसून. काल मी पानं चाळायला घेतली. खून कोणी केला ते अजूनही सापडलं नाही, पण माझ्या कादंबरीला सांबाराचा वास यायला लागला आहे.